आबांच्या धोतराचं अंगडं

दुकानातली वस्तू म्हणजे तान्ह्या अंगाची वैरी, हे मंजुळाबाईंचं जुनं मत. लेक सुलक्षणा बाळंतपणाला दोंडाईच्याला माहेरी आली. सासरहून आलेल्या सुवासिक पावडरीनं बाळाच्या मांड्यांवर लाल चट्टे उठले, आणि बाईंना रान मोकळं मिळालं. दुधानं तोंड पोळलेली सुलक्षणा ताकही फुंकून पिऊ लागली. तिनं डॉक्टरांना विचारून बिनवासाचा, बाटलीवर पानाचं चित्र असलेला साबण मागवला.

"पान बाटलीवर शे, बाटलीमा काय शे ते देवलेच माहीत!" बाई म्हणाल्या. बाटली फळीवर गेली ती गेलीच.

बाईंनी ट्रंक उघडली. त्यांचे सासरे उखर्डू आबा नव्वदी ओलांडून वारले होते. त्यांचं धोतर वापरून वापरून सायीसारखं मऊ झालेलं. बाईंनी त्यातल्या डांबरगोळ्या झटकल्या आणि धोतराची अंगडी-टोपडी, लंगोट शिवले.

"माय, धुई टाक ना. वास येस."

"धुईसनच ठेयेल व्हतं. पहिलं अंगडं धुवो नही, आयुष्य धोवाई जास. आबासनं आयुष्य मन्हा नातूले लागू दे."

बाईंनी खोबरेल चोळून बाळाला त्यात गुंडाळलं. चट्टे खरंच मावळले. बाईंचं शहाणपण मग अंगात मावेना. आल्यागेल्याला बाळाच्या मांड्या उघडून दाखवू लागल्या. सुलक्षणाही निवांत झाली. आईचं ऐकलं ते बरंच केलं, असं तिला वाटलं.

पुढे बाळ पिवळं दिसू लागलं. निम्म्या पोरांना होते ती कावीळ, कोवळं ऊन दाखवलं की उतरते, असं म्हणत बाईंनी त्याला अंगणात धरलं. बाळानं दूध सोडलं, लंगोटावर चहासारखे डाग पडले, तेव्हा कुठे सुलक्षणाचा भाऊ हितेंद्र गाडी काढून सगळ्यांना धुळ्याला घेऊन गेला.

डॉक्टरीणबाईंनी अंगडं नाकाशी नेलं आणि लगेच उतरवायला लावलं. मंजुळाबाईंना बाजूला घेऊन त्या म्हणाल्या, "काही मुलांच्या रक्तात जन्मतःच एक उणीव असते. त्यांना डांबरगोळीची वाफसुद्धा विष असते. तेल लावलेल्या अंगात ती जास्त मुरते. बाळाचं रक्त फुटतंय."

सगळं रक्त बदलून पाहिलं. बाळ राहिलं नाही. बारसंही व्हायचं होतं.

हे कारण फक्त मंजुळाबाईंनी ऐकलं होतं. सुलक्षणा बाकड्यावर बसली होती, दुधानं पोलकं भिजलेलं. आई दिसताच तिनं तिचा हात घट्ट धरला.

"माय, तो साबन मीच आनेल व्हता. एकदाच लावेल व्हता, तुले न सांगता. तेन्हामुयेच ना?"

हो म्हटलं असतं तर लेकीनं जन्मभर त्यावर विश्वास ठेवला असता. बाईंच्या जिभेवर तो शब्द आला होता. त्यांना स्वतःचीच किळस आली.

"नही, बेटा. साबनमुये नही. मी घालेल कपडासमुये."

 सुलक्षणानं आईचा हात सोडला, उठली, आणि सासरी फोन लावून म्हणाली, "मले इठून लई जा."