मुळांचं पाणी

बटाट्याच्या मुळांचं पाणी गोळा करण्यात तिची वीस वर्षं गेली होती. प्रयोगशाळेच्या काचघरात दोनशे कुंड्या होत्या आणि प्रत्येकीत बटाट्याचं एक रोप. सकाळी वरून पाणी घालायचं, खाली झिरपेल ते बाटलीत धरायचं, गाळायचं आणि त्यात सूत्रकृमींची, म्हणजे मुळांवर जगणाऱ्या बारीक जंतांची, कवचं सोडायची. मोहरीहून बारीक तपकिरी कवच, पण एकेकात तीन-चारशे अंडी. साध्या पाण्यात ती महिनोन्महिने ढिम्म पडून राहतात. मुळांच्या पाण्यात पंधरा दिवसांत निम्म्याहून जास्त फुटतात. मग मायक्रोस्कोपला डोळा लावून वळवळणारी पिल्लं मोजायची. खात्यात सगळे तिला ‘पाणीवाल्या बाई’ म्हणत, आणि त्यात तिला काही कमीपणा वाटत नसे.

त्या वर्षी तिच्या थोरल्या भावाच्या शेताला कुलूप लागलं. म्हणजे खरं कुलूप नाही. तपासणी अधिकारी आले, बियाण्याच्या बटाट्याचं एक रोप उपटलं, मुळांना चिकटलेले पिवळे मणी, म्हणजे पिकून तपकिरी होण्याआधीची तीच कवचं, बोटावर घेऊन दाखवले आणि कागद हातात दिला: या जमिनीत सहा वर्षं बटाटा लावायचा नाही.

ती सुट्टीच्या दिवशी गेली तेव्हा दादा शेडच्या दारात रिकाम्या क्रेटवर बसला होता.

“औषध मारतो,” तो म्हणाला. “एकदाच मारतो आणि मोकळा होतो.”

“कवचात औषध शिरत नाही, दादा. बाहेर फिरणारे मरतील. आतले दहा-पंधरा वर्षंही वाट बघतील.”

“कसली वाट?”

“बटाट्याच्या मुळाची. मूळ वाढताना त्यातून काहीतरी पाझरतं. मातीच्या ओलीतून ते कवचापर्यंत पोचलं की आतल्यांना कळतं, जेवण आलं. तेव्हाच ते बाहेर पडतात, त्याआधी नाही. बाहेर पडल्यावर अंगातल्या शिदोरीवर दोन-तीन आठवडे जगतात. तेवढ्यात मूळ नाही सापडलं तर संपले.”

वहिनी हातातलं काम ठेवून पुढे आली. “म्हणजे त्यांना वास द्यायचा आणि जेवण द्यायचंच नाही?”

“अगदी तेच, वहिनी. रिकाम्या शेतात मुळांचं पाणी ओतायचं.”

“हे तुमच्या दादांना जमेल,” वहिनी म्हणाली. “माझ्या माहेरचे आले की हे दारात ‘या, या’ म्हणतात आणि स्वतः शेतावर निघून जातात.”

दादाला हसू आलं, पण त्याने मान हलवली. “छकुले, तुझं बाटलीतलं शहाणपण बाटलीत ठीक आहे. ही दोन एकर जमीन आहे.”

ती बेचाळीस वर्षांची होती, तरी दादासाठी छकुलीच. “दोन एकर नको. सहा पट्टे दे,” ती म्हणाली. “बाकीचं मी बघते.”

खात्याच्या प्रमुख बाईंनी तिचं सगळं ऐकून घेतलं. “कल्पना जुनी आहे,” त्या म्हणाल्या. “अडचण ही की मातीत हे द्रव्य लवकर विरून जातं.”

“म्हणून एकदाच नाही ओतायचं, मॅडम. दर चार दिवसांनी, दहा आठवडे. आणि माती कोमट झाल्यावर सुरुवात करायची. थंड मातीत अंडी फुटत नाहीत, हे मी इतकी वर्षं बघतेय.”

“शेत तुमच्या भावाचं आहे. मोजणी तुम्ही करायची नाही.”

“मी तेच सांगणार होते. मातीच्या पिशव्यांवर फक्त खुणा असतील. कुठली कुठल्या पट्ट्यातली, हे मोजणाऱ्याला कळणार नाही.”

बाईंनी परवानगीच्या कागदावर सही केली.

त्या हंगामात तिने किती कॅन वाहिले याचा हिशोब कोणी ठेवला नाही. तीन पट्ट्यांना मुळांचं पाणी, तीन पट्ट्यांना साधं. झारी घेऊन ती सरळ चालत जाई आणि टोकाला पोचून तशीच परत येई. बांधावरून शेजारी विचारत, “काय पेरलंय?” दादा म्हणे, “पाणी.” हळूहळू तोही हात लावू लागला. तिला यायला जमलं नाही त्या दिवशी झारी त्याने घेतली, आणि शेडजवळच्या पट्ट्याला पाणी घालायचं काम तर पुढे कायमचं स्वतःकडेच ठेवलं.

हंगाम संपल्यावर मोजणी झाली. साध्या पाण्याच्या तिन्ही पट्ट्यांत अंडी जवळजवळ होती तेवढीच राहिली होती. मुळांच्या पाण्याच्या दोन पट्ट्यांत जिवंत अंडी दोन तृतीयांशांनी घटली होती. तिसऱ्यात, शेडजवळच्या पट्ट्यात, ती दुपटीहून वाढली होती.

“निकाल संमिश्र आहे,” प्रमुख बाई म्हणाल्या.

“निकाल बरोबर आहे, मॅडम,” ती म्हणाली. “त्या पट्ट्यात त्यांना कोणीतरी जेवायला घातलंय. कोणी, ते शोधून येते.”

दुसऱ्या दिवशी ती शेडजवळच्या पट्ट्यात गुडघ्यांवर बसली आणि खुरप्याने माती उकरू लागली. अर्ध्या तासात तिच्यापुढे मुळांसकट सुकलेल्या रोपांचा ढीग झाला. मागच्या पिकातले, काढणीत मातीत राहून गेलेले बटाटे आपसूक उगवले होते. मुळांवर तेच मणी. तिने मोजले, एकवीस ठोंब होते.

दादा मागे येऊन उभा राहिला होता.

“मी तुला सांगितलं होतं, उगवलेलं प्रत्येक रोप उपटायचं,” ती न वळता म्हणाली. “बाकीच्या पट्ट्यांत एकही नाही. इथे एकवीस.”

तो तिच्या शेजारी मातीतच बसला.

“पाच पट्ट्यांतले उपटले मी. इथे आलो आणि हात चालेना,” तो म्हणाला. “शेडमागे आहे, कोणाला दिसत नाही. वयाच्या चौदाव्या वर्षापासून बटाटा लावतोय मी. घरात बसलो की सगळं गेल्यासारखं वाटायचं. इथे येऊन तेवढी फुलं बघायचो.”

ती रागावायच्या तयारीने आली होती. त्याच्या नखांतली माती बघून तिचा राग विरला. तिने हातातला ठोंब त्याच्या तळव्यावर ठेवला आणि खिशातलं भिंग दिलं. “बघ. ओतलेल्या पाण्याने आपण त्यांना उठवलं आणि तुझ्या फुलांनी त्यांना पोसलं. तुझ्यामुळे माझा प्रयोग बिघडला नाही. उलट पक्का झाला. एकाच शेतात, एकाच पाण्याने, जिथे मूळ नव्हतं तिथे ते मेले आणि जिथे होतं तिथे वाढले.”

दादाने भिंगातून खूप वेळ बघितलं. “आयत्या बिळावर नागोबा,” तो पुटपुटला. “आणि बीळ मीच खोदून दिलं.”

तिने हे सगळं अहवालात जसंच्या तसं लिहिलं, भावाचं नाव न लपवता. प्रमुख बाईंनी तो भाग दोनदा वाचला. पुढच्या वर्षी त्यांनी सहाच्या जागी चोवीस पट्ट्यांना मंजुरी दिली आणि झाऱ्या धरायला आणखी दोन माणसं.

त्या वर्षी दादा रोज पहाटे शेतात वाकून चाले. बटाट्याचा एवढासा कोंब दिसला की मुळासकट उपटून डब्यात टाकी, आणि संध्याकाळी वहिनी तो डबा चुलीत रिकामा करी. एकदा त्याला शेडच्या भिंतीच्या फटीत उगवलेलं रोप सापडलं. ते घेऊन तो थेट प्रयोगशाळेत आला आणि कुंड्यांच्या रांगेजवळ उभा राहिला. दोनशे रोपं फुलली होती. तो रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश चालत गेला.

“फुलं बघायची तर इथे येत जा,” ती म्हणाली.

दुसऱ्या हंगामाच्या शेवटी मुळांच्या पाण्याच्या बाराही पट्ट्यांत दहातलं एखादंच अंडं जिवंत उरलं होतं. तपासणी अधिकाऱ्यांनी स्वतःच्या हाताने माती उचलली, स्वतःच्या प्रयोगशाळेत नेली, आणि आकडे जुळले. बंदी सरसकट उठली नाही. पण त्या बारा पट्ट्यांत देखरेखीखाली बटाटा लावून बघायला लेखी परवानगी मिळाली.

लावणीच्या दिवशी वहिनीने बियाण्याची पहिली टोपली दादापुढे ठेवली. त्याने ती उचलून बहिणीच्या हातात दिली.

“मला लावता येत नाही, दादा. मी फक्त मुळं धुते.”

“एक वीत अंतर ठेव,” तो म्हणाला, “आणि कोंबाचा डोळा वर.”