कडीला टांगलेली पिशवी

घर बदललं की भांडी येतात, गाद्या येतात, कपाटाच्या फुटक्या आरशासकट सगळं ट्रकमधून येतं. येत नाहीत ती माणसं. जुन्या घरी कोण कधी येणार, कोणाला कशी हाक मारायची, हे सगळं अंगवळणी पडलेलं असतं. नव्या घरात लिफ्टमध्येसुद्धा आपण पाहुणे. सुनेचं गाडं नेमकं तिथेच अडलं.

दोघी सासूसुना घरी बसून जोडे करायच्या. साधेसुधे नव्हेत, पाय सुजणाऱ्या माणसांसाठी कापडी जोडे. ज्यांना बाजारातला एकही जोडा चढत नाही त्यांनी कागदावर पाय ठेवायचा, पेन्सिलीनं कड काढायची आणि फोटो पाठवून द्यायचा. फोटोवरून ती कड सून तेवढ्याच मापात कागदावर उतरवून घ्यायची, त्यावरून जाड लोकरी कापड बेतायची आणि सासू तळवे शिवायची. जुन्या ब्लँकेटचे थर, मेण लावलेला दोरा, हातात दाभण, बोटाला अंगुस्तान. पहिला जोड सासूच्याच पायांसाठी झाला होता, तेव्हा कागद नव्हता, सुनेनं दोऱ्यानं माप घेतलं होतं. गुडघे केव्हाच संपावर गेले होते तिचे, जीभ मात्र रोज कामावर हजर. एकेक कागद चष्म्यासमोर धरून म्हणायची, "ह्या बाईचा अंगठा शेजारच्या बोटावर चढून बसलाय बघ. घरातही हेच करत असणार, मेली!" आणि एकदा पाहिलेला पाय ती कधी विसरायची नाही.

फोनवरच्या एका विक्रीच्या साइटवर त्यांचं दुकान होतं. तिथला नियम सरळ होता. पार्सल बांधून ठेवायचं, साइटचा माणूस घरी येऊन घेऊन जाणार. वेळेत माल त्याच्या हाती पडला नाही तर गिऱ्हाइकाचे पैसे परत, आणि असं पुन्हा पुन्हा झालं तर दुकानाला कायमचं टाळं. नवऱ्याचा कारखाना गावाच्या पार दुसऱ्या टोकाला गेला आणि जाताना त्याच्या पगाराला कात्री लावून गेला. म्हणून तर हे स्वस्तातलं घर. आता चूल पेटत होती ती जोड्यांवर, हे तिघांनाही ठाऊक होतं, कोणी तोंडानं म्हणत नव्हतं इतकंच.

जुन्या घरी पार्सलं न्यायला यायचा त्याला सगळे शिट्टी म्हणायचे, कारण तो गल्लीच्या तोंडापासून शिट्टी वाजवत यायचा. त्याची आणि सासूची एक रीत ठरलेली. दाराच्या कडीला निळी पिशवी टांगायची. त्यानं पार्सलं काढून घ्यायची आणि रिकामी पिशवी परत कडीला लावायची. बेल नाही, सही नाही, सगळा विश्वासाचा मामला. नोंदसुद्धा तो त्याच्या सवडीनं करायचा, कधी त्याच रात्री, कधी दोनचार दिवसांची एकदम. कधी एक जोड इकडचा तिकडे झाला नाही.

नव्या घरी आल्या आल्या सुनेनं साइटवर पत्ता बदलला आणि पार्सलं बांधून वाट बघत बसली. कोणी आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिनं मदतीच्या नंबरवर फोन लावला.

"मॅडम, तुमचा पत्ता आमच्या दोन डेपोंच्या मधे पडतोय," पलीकडचा गोड आवाज म्हणाला.

"मग मी नक्की कोणाच्या वाट्याला?"

"तुमची तक्रार नोंदवली आहे, मॅडम. आणखी काही मदत हवी?"

आणखी म्हणे! आधी कुठली झाली होती? सून पार्सलं मोठ्या बोचक्यात घालून, बसमध्ये लोकांचे धक्के खात डेपोवर गेली. खिडकीतला माणूस मान वर न करता म्हणाला, "घरून उचलायचा माल इथे घेत नाही." घरी न्यायला कोणी येत नाही, दारी नेलं तर घेत नाहीत. इकडे आड, तिकडे विहीर. बोचकं घेऊन ती परत आली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि लिफ्ट बंद होती.

"अगं, एवढे मजले चढून नुसतं दार वाजवायला त्याला सवड कुठली?" सासू म्हणाली. "पिशवी टांग. माणूस येईल, दिसेल, घेऊन जाईल. माणसं सगळीकडे सारखीच असतात."

दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी टांगली. पार्सलं नेहमीप्रमाणे काळ्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली होती, ओल लागू नये म्हणून, आणि वर चिकटवलेला पत्त्याचा कागद. दुपारी दार उघडून बघते तर पिशवी रिकामी, परत कडीला लावलेली, वर कडेची घडीसुद्धा नीट केलेली.

"बघितलंस?" सासूनं अंगुस्तानाचं बोट नाचवलं. "शिट्टीच्या वरताण निघाला! ह्याच्या पायाचासुद्धा आवाज नाही."

सून त्या दिवशी हसली. घर बदलल्यापासून पहिल्यांदाच. मग रोजचं चक्र सुरू झालं. तुंबलेला माल तर गेलाच, वर नव्या मागण्यांचे जोडही होतील तसे पिशवीत पडू लागले. एका बाईनं आईसाठी मागवले होते, आईला महिनोन् महिने अनवाणी लादीवर चालावं लागत होतं म्हणून. एक माणूस होता, त्याचा डावा पाय बेताचा आणि उजवा दीडपट. त्या उजव्यासाठी सासूनं तळवा तीनदा उसवून शिवला. फोनवर मात्र सगळ्या पार्सलांपुढे 'माल मिळालेला नाही' असंच दिसत होतं. सून ते रोज उघडून बघायची. तिनं फोन केला तर तोच गोड आवाज म्हणाला, नोंद व्हायला वेळ लागतो. सासू म्हणाली, "शिट्टी तरी कुठे लगेच करायचा? जरा दम धर." तिनं दम धरला.

मग गिऱ्हाइकांचे निरोप यायला लागले. जोडे कुठे आहेत? आईचे जोडे कधी येणार? तुमच्यावर विश्वास ठेवला ही आमची चूक. सून प्रत्येकाला लिहीत होती, निघालेत, वाटेत आहेत, पोचतीलच.

एके दिवशी सकाळी बेल वाजली. दारात गणवेशातला एक पोरसवदा माणूस, हातात नोंदीचं यंत्र, कपाळावर घाम.

"पार्सलं द्या, ताई. तुमचा पत्ता कालच आमच्या डेपोकडे आला. यंत्रावर बरीच दिसतायत."

"बरीच कुठली? रोज नेता की तुम्ही. आजचीसुद्धा तासाभरापूर्वीच नेलीत."

"मी?" तो म्हणाला. "ताई, मी ह्या इमारतीत आज पहिल्यांदा पाय ठेवतोय."

आतून सासूनं विचारलं, "कोण आलंय गं?"

"पार्सलवाला," सून म्हणाली.

"अगंबाई! आज चक्क बेल वाजवली?"

रोज दारोदार फिरणारं आणखी कोण, हे आठवताच सून पायांत चपला न घालता जिना उतरली. तळमजल्यावर जिन्यामागे कचऱ्याची खोली होती, घरचा कचरा नवरा कामावर जाताना तिथे टाकायचा. चाकांच्या मोठ्या डब्याशी सफाईवाली उभी होती, हातात रबरी मोजे.

"आमच्या दाराची निळी पिशवी..." सून धापा टाकत म्हणाली.

"मीच रिकामी करते की रोज," सफाईवाली म्हणाली. "इथली पद्धतच आहे ती. कचरा कडीला टांगायचा, मी डब्यात पालथा करून पिशवी परत लावते. का, फाटली का पिशवी?"

"त्यात काय असतं ते बघितलं नाही तुम्ही?"

"लोकांच्या पिशव्यांत बघायला लागले तर दुपारी घास उतरायचा नाही, ताई. काळं प्लॅस्टिक दिसलं, टाकलं." मग तिनं सुनेचं तोंड बघितलं आणि मोजे काढले. "काय होतं त्यात?"

आधीचं सगळं कचऱ्याच्या गाडीनं केव्हाच नेलं होतं. आजचं तेवढं डब्यात होतं. दोघींनी मिळून ते उपसलं. तळाशी एक गुंडाळी सापडली, चहाच्या चोथ्यात भिजून फुटलेली. डावा बेताचा, उजवा दीडपट. सुनेनं ते ओले जोडे छातीशी धरले आणि त्या घाणीतच मटकन खाली बसली. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं म्हणतात, पण इथे कुत्र्याच्यासुद्धा तोंडी लागलं नव्हतं.

दुकान त्याच आठवड्यात बंद झालं. तिनं फोन केला, विनवण्या केल्या, सगळे जोडे पुन्हा करून देते म्हणाली. गोड आवाज म्हणाला, "निर्णय अंतिम आहे, मॅडम." गिऱ्हाइकांना कळवावं म्हटलं तर दुकानाबरोबर त्यांचे पत्तेही बंद झाले होते. वाचता येत होत्या त्या फक्त त्यांनी दुकानाखाली लिहिलेल्या शिव्या. चोर, लुटारू, आजारी माणसांना फसवणारे. तिनं दुसऱ्या साइटवर दुकान काढायला घेतलं, तर नाव टाकल्याबरोबर त्यांनीही नकार कळवला. अशा बातम्यांना कुठला डेपो आडवा येत नाही.

नवऱ्यानं ऐकून कपाळाला हात लावला. मग दाराकडे बघत हळूच म्हणाला, "आईला सांगू नकोस. पिशवीचं तिनं सुचवलं होतं. हाय खाईल ती."

तेव्हा सासूला सांगितलं नाही. आणि सांगायचं नाही म्हटल्यावर काम थांबवता येईना. सासू रोज पुढचा कागद मागायची, सून राहिलेल्या मागण्यांचे कागद द्यायची. जोड झाला की काळ्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळायचा, कुठला तरी पत्ता चिकटवायचा, पिशवी कडीला. सासूचा डोळा लागला की सून पिशवीतनं पार्सल काढून घ्यायची आणि नवऱ्याच्या कपाटात दडवायची. होता होता कपाटाचं दार लागेना.

शेवटी एके दिवशी सफाईवाली आली तेव्हा सून दारातच उभी होती. सफाईवालीनं पिशवीला हात लावला नाही.

"तुमची पिशवी तेवढी मी आता बघते हो, ताई," ती म्हणाली. "जोडे आहेत ह्यात. काढून घ्या."

"न्या," सून म्हणाली.

"अहो, एवढं हातानं शिवलेलं... कोणाला तरी देऊन टाका की."

"ते दुसऱ्या कोणाच्या पायाला येत नाहीत. न्या तुम्ही."

सफाईवाली घुटमळली. मग तिनं पिशवी डब्यात पालथी केली, कडेची घडी नीट केली आणि परत कडीला लावली.

"गेला का गं?" आतून सासूचा आवाज आला.

"गेला."

"सोन्यासारखा माणूस आहे. एक दिवस चुकत नाही." दाभणात दोरा ओवत सासू म्हणाली, "आण पुढचा कागद."

पुढचा कागद नव्हता. मागण्या संपल्या होत्या, आणि जुना पाय पुन्हा द्यावा तर सासूनं तो लगेच ओळखला असता. म्हणून काल दुपारी सासू झोपली असताना सुनेनं तिच्याच पायांखाली कागद धरून कड काढून घेतली होती. तेवढाच एक पाय ह्या घरात असा होता की सासूनं वरून कधी नीट पाहिला नव्हता. वाकताच येत नव्हतं तिला. सुनेनं तो कागद पुढे केला.

सासूनं तो चष्म्यासमोर धरला. ह्या वेळी थट्टा केली नाही. सुजलेल्या पावलाच्या रेघेवरून तिनं बोट फिरवलं.

"अगं आई गं," ती म्हणाली. "काय पाय झालेत बिचारीचे! दारापर्यंतसुद्धा जाववत नसेल तिला. हिचं आधी करू या, सूनबाई. उद्याच्या पिशवीत गेलेच पाहिजेत हे."

"हो," सून म्हणाली, आणि कापड बेतायला बसली.