ज्याची हवा सगळ्यात कमी

मी हवेची पाटी बोलतेय. नाव ऐकून हसू नका, वाऱ्यावर उडणारी मी नव्हे. चांगली दीड हात लांब, पत्र्याची, पांढऱ्या रंगाची आहे. अग्निशमन केंद्रात एका बंबाचं दार कापलं, तेव्हा उरलेल्या तुकड्यातून तिथल्या फिटरने मला घडवलं. वर आठ हूक बसवले, चारही कोपरे घासून गोल केले आणि म्हणाला, "जा, कुणाला ओरखडा काढू नकोस."

माझं काम सोपं होतं. जवान पाठीवर हवेची टाकी बांधून धुरात शिरायचे. शिरण्याआधी प्रत्येकाने आपला पितळी बिल्ला माझ्या हुकाला अडकवायचा. बिल्ल्याखाली मेणपेन्सिलीने दोनच गोष्टी लिहायच्या: किती वाजता गेला आणि टाकीत हवा किती होती. बिल्ला माझ्याकडे, म्हणजे माणूस अजून आत.

मला सांभाळणाऱ्यांना सगळे काटेमास्तर म्हणत, कारण त्यांचा सगळा जीव टाकीतली हवा दाखवणाऱ्या काट्यावर. एकोणतीस वर्षं ते माझ्याशेजारी दारात उभे राहिले. बाकीचे आत जाऊन शूर ठरायचे, हे बाहेर घड्याळ बघत घाम पुसायचे. तरी आत जाणारा प्रत्येकजण जाताना एकदा त्यांच्या तोंडाकडे बघून जायचा.

त्यांची एक सवय मी कधी मोडलेली पाहिली नाही. आतल्या माणसाला ते "कसा आहेस?" असं विचारत नसत. विचारून उपयोगच नसे. लंबू म्हणून एक ताडमाड जवान होता. वॉकीटॉकीवर खोकत खोकत सांगायचा, "भरपूर हवा आहे, मास्तर! चिंता नको!"

"भरपूर बाजारात मिळतं," मास्तर ओरडायचे. "काटा कितीवर आहे ते वाच!"

आणि काटा उतरलेला असायचा. मग लंबूबरोबरचे तिघेही बाहेर. त्या तिघांच्या टाक्या अर्ध्या भरलेल्या असल्या तरी बाहेर. ज्याची हवा सगळ्यात कमी, त्याच्यावरून सगळ्यांची वेळ ठरायची. लंबू बाहेर येऊन भांडायचा, पण भांडायला बाहेर यायचा हे महत्त्वाचं.

पुढे हेच काम पडद्यावर करणारं यंत्र आलं. मी भंगारात निघाले, त्याच महिन्यात मास्तर निवृत्त झाले. त्यांनी रीतसर अर्ज करून मला मागून घेतलं. त्यांच्या घरच्या बाईंनी, म्हणजे बायकोने, मला स्वयंपाकघराच्या भिंतीवर टांगलं आणि माझ्या हुकांना झारा, पळी, उलथनं अडकवलं. मला वाईट वाटलं नाही. गरम वस्तूंची सवय होतीच.

नऊ वर्षं अशी गेली. मग एके सकाळी मास्तर कागदांचा गठ्ठा घेऊन आले. निवृत्त जवानांचं निवृत्तिवेतन वाढवायचं ठरलं होतं. एकूण रक्कम मंजूर झाली होती, ती वाटायची कशी हे तिघांनी ठरवायचं होतं: केंद्राचे निवृत्त प्रमुख, ज्यांना अजून सगळे साहेबच म्हणतात, कचेरीतल्या हिशेबनीस बाई, आणि निवृत्तांच्या वतीने काटेमास्तर. साहेबांनी सगळ्यांकडून एक फॉर्म भरून घेतला होता. प्रश्न एकच: सध्याच्या निवृत्तिवेतनात तुमचं भागतं का?

"चौसष्ट फॉर्म," मास्तर खुशीत म्हणाले, "त्यातल्या एकसष्ट जणांचं भागतंय! मग सहा टक्के सरसकट देऊन टाकू. कुणाची तक्रार नको."

बाई भाजी परतत होत्या. "तुम्ही काय लिहिलंत?"

"भागतं."

"अस्सं? मग आठ महिने चष्म्याची काडी दोऱ्याने बांधून फिरताय, ती नवी फॅशन असेल."

मास्तरांचा हात काडीवरच्या दोऱ्याकडे गेला.

"आणि लंबूभावजींनी?"

"उत्तम भागतं. ठळक अक्षरात लिहिलंय."

बाईंनी गॅस बारीक केला. "परवा त्यांची बायको बाजारात दिसली. मला बघितल्यावर तिने पिशवी पाठीमागे धरली. रिकामी होती हो. ज्या माणसांना तुम्ही एकोणतीस वर्षं 'कसा आहेस' म्हणून विचारलं नाहीत, त्यांना आता कागदावर विचारताय?"

मास्तर बराच वेळ फॉर्म उलटेपालटे करत बसले. मग उठले, माझ्यावरचा झारा काढला, पळी काढली, उलथनं काढलं, ओल्या फडक्याने मला पुसलं आणि पिशवीत घातलं.

अकरा दिवस आम्ही घरं हिंडलो. मास्तर चहा घ्यायचे, जुन्या गप्पा काढायचे, आणि बोलता बोलता बघायचे. बाहेर पडल्यावर जिन्यात मला पिशवीतून काढून मेणपेन्सिलीने आकडे लिहायचे. कुणाच्या घरी दोन खोल्यांना एकच दिवा होता, तो काढून या खोलीतून त्या खोलीत न्यायचे. कुणी दाताची कवळी फक्त जेवताना लावत होता, झिजू नये म्हणून. तक्रार मात्र एकाचीही नाही. मी खूप माणसं पाहिलीत, पण अशी जिद्दीने खोटं बोलणारी दुसरी नाहीत. आग विझवताना जे धाडस, तेच घर चालवताना.

लंबू तिसऱ्या मजल्यावर राहतो. एकोणीस वर्षांपूर्वी साधा जवान म्हणून निवृत्त झाला, निवृत्तिवेतन त्या काळच्या पगारावरचं. दार उघडून चार पावलं चालला आणि खुर्चीची पाठ धरून उभा राहिला.

"या... मास्तर. झकास चाललंय... आपलं."

खिडकीत श्वासाच्या औषधाचा पंप होता, खाली दुकानाची पावती. मास्तरांनी पावती उचलली.

"एकशेवीस दाब असतात यात. दिवसाला किती घ्यायचे?"

"चार."

"म्हणजे महिन्याला एक पंप. ही पावती अडीच महिन्यांपूर्वीची आहे."

लंबू खिडकीबाहेर बघत म्हणाला, "पुरवून वापरतो. लागतो कुठे... रोज रोज."

त्याची बायको दारातून म्हणाली, "लागतो हो भावजी. रोज लागतो."

मास्तरांनी पावती होती तिथे परत ठेवली. चहाची कपबशी खाली ठेवताना मात्र तिचा आवाज झाला.

बैठकीत त्यांनी मला थेट टेबलावर मांडलं. कुणाचं नाव नाही, नुसते आकडे. कोण कधी निवृत्त झालं, हातात किती येतं, त्यात काय बसत नाही.

साहेब माणूस सरळ. पण ते म्हणाले, "सहा टक्के म्हणजे सगळ्यांना सारखंच की. यात अन्याय कुठे आला?"

हिशेबनीस बाईंनी कागदावर पटकन मांडलं. "साहेब, तुमच्या सहा टक्क्यांत महिन्याचा किराणा येतो. या शेवटच्या माणसाच्या सहा टक्क्यांत औषधाचा अर्धा पंप."

"त्यांनीच लिहून दिलंय ना, भागतं म्हणून!"

"साहेब," मास्तर हळू आवाजात म्हणाले, "चौघं आत गेले की मी बाहेर कधी बोलवायचो?"

"ज्याची हवा सगळ्यात कमी, त्याच्यावरून."

"चौघांची सरासरी काढून नाही?"

साहेब ताडकन म्हणाले, "वेडा आहेस का? सरासरीने माणूस मेला असता."

मग त्यांचं त्यांनाच ऐकू आलं. त्यांनी चष्मा काढला, पुन्हा लावला, माझ्यावरचे आकडे खालून वर वाचत गेले. शेवटी हिशेबनीस बाईंना म्हणाले, "खालून सुरुवात करा. आधी तळाचे सतराजण आज निवृत्त होणाऱ्या जवानाच्या निवृत्तिवेतनापर्यंत आणा. उरेल ते सगळ्यांना सारखं, टक्क्यात नाही, रकमेत. माझ्या वाट्याला काय येतं ते मला सांगूसुद्धा नका." आणि सही केली. त्या सहीबद्दल मी साहेबांना जन्मभर मानेन.

वाढ सुरू झाल्यावर दीड महिन्याने लंबू आमच्या घरी आला. रागाने लाल.

"मास्तर, तुम्ही चहाला आला होतात की झडती घ्यायला, माझ्या खिडकीतल्या पावत्या वाचायच्या आणि माझ्या नावावर पैसे वाढवून घ्यायचे, मी कधी कुणापुढे हात पसरला नाही आणि या वयात तुमच्यामुळे लोकांच्या नजरेत मी बिचारा ठरायचं का?"

मास्तर भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते.

"मी बोलतोय आणि तुम्ही वेळ काय बघताय?"

"बारा सेकंद," मास्तर म्हणाले. "एका दमात. त्या दिवशी तुला 'झकास चाललंय आपलं' एका श्वासात म्हणता आलं नव्हतं."

लंबू खुर्ची ओढून बसला आणि बाईंना म्हणाला, "वहिनी, चहा टाका. भांडण अर्धं राहिलंय."

मी आता म्हातारी झालेय. रंगाचे पोपडे निघालेत, दोन हूक ढिले झालेत. तीन वर्षांनी पुन्हा वाढ ठरेल, तेव्हा टेबलाभोवती कदाचित दुसरी माणसं असतील, आणि माझी आठवण कुणाला असेलच असं नाही. त्यांनी फॉर्म खुशाल छापावा. पण ज्या फॉर्मवर सगळ्यात ठळक अक्षरात 'उत्तम' लिहिलेलं असेल, त्या घराचा जिना त्यांनी एकदा चढून यावा, एवढंच माझं मागणं आहे.