पारा एकशे ऐंशीवर

मित्रांनो, गोविंदा कंपाउंडरच्या ओसरीवर टांगलेला मी एक जुना रक्तदाबमापक. धनजकडच्या आमच्या वस्तीत मला सगळे ‘बीपीची मशीन’ म्हणतात. माझी सगळी नोकरी कारंज्याच्या एका दवाखान्यात झाली. तिथले डॉक्टर थकले, तेव्हा त्यांनी मला गोविंदाला देऊन टाकलं. तेव्हा माझा काय मान होता! आता पट्टा उसवला, पेटीची कडी तुटली आणि लोकांचा भरवसाही उडाला. माझा पारा मात्र अजून जागच्या जागी आहे. हे कोणाला पटत नाही, म्हणून मी चिडतो.

दिवाळीच्या आधी एका सकाळी सोजरबाई आली, सोबत तिची मुलगी रुचिका. सोयाबीन सोंगताना सोजरबाईच्या पोटरीत कापलेल्या झाडाचं धसकट घुसलं होतं. जखम पिकली, तरी हळद दाबून ती सोंगतच राहिली. जखम कशीबशी भरली आणि तीनेक आठवड्यांनी चेहरा फुगला.

“काका, आईचं तोंड काहून सुजून राह्यलं?” रुचिकानं विचारलं.

“सुजलं कायचं? काम सरलं, आता अंग भरून राह्यलं वैनीचं!” गोविंदा हसला.

त्यानं पट्टा बांधला, फुगा दाबला. मी एकशे ऐंशी दाखवले. त्यानं मला चापट मारून पुन्हा मोजलं. मी पुन्हा तेच सांगितलं.

“मशीन बुढ्ढी झाली, वैनी. तुमी घरी जा, आराम करा.”

मित्रांनो, माझा किती संताप झाला म्हणून सांगू! सोजरबाईला लघवी कोऱ्या चहासारखी होत होती. तिनं लाजेनं सांगितलं नाही, यानं विचारलं नाही.

नऊ दिवसांनी तिला दम लागला, तेव्हा रुचिकानं तिला वाशिमला नेलं. महिन्याभरानं रुचिका एकटीच आली. ओसरीवर बसलीसुद्धा नाही.

“काका, तेथच्या मशीननंबी तेवढंच दाखवलं. डॉक्टर म्हने, जखमेतल्या जंतूशी लढता लढता अंगानं किडनीच्या गाळण्याच सुजवल्या. घसा दुखल्यावरबी असं होते, काविळीनंबी होते. कोनाचं अंग त उगाचच आपल्या किडनीवर उलटते. म्हनून सुईनं किडनीचा बारकासा तुकडा काढून तपासला.”

“मंग आता?”

“आता हप्त्यातून दोनदा डायलिसिस. आठ दिवस आधी आनलं असतं त बरं झालं असतं, म्हने.”

गोविंदानं माझा उसवलेला पट्टा गुंडाळून पेटीत ठेवला.

मित्रांनो, सकाळी चेहरा सुजला, लघवीला फेस आला किंवा तिचा रंग बदलला, तर लाजू नका, लघवी तपासून घ्या. आणि माझा आकडा पटला नाही, तर मला खुशाल भंगारात टाका. पण त्याच दिवशी त्या माणसाला दुसऱ्या मशीनपाशी न्या.