गुरुवारच्या आधी नाही

सोमवारी सकाळी वीबेची ईमेल आली. वीबे नेदरलँड्समध्ये ग्रोनिंगनला शाळेत गणित शिकवतो आणि फावल्या वेळात, फुकट, फोटो उघडणारा एक छोटा प्रोग्राम सांभाळतो. तो आमच्यासारख्या कितीतरी कंपन्यांनी आपापल्या सॉफ्टवेअरमध्ये बसवलाय. आमचं सॉफ्टवेअर दवाखान्यांत एक्स-रे दाखवतं.

"माझ्या प्रोग्राममध्ये भोक सापडलंय," त्यानं लिहिलं होतं. "मुद्दाम बिघडवलेला फोटो उघडला की संगणक परक्याच्या ताब्यात जातो. दुरुस्ती सोबत आहे. गुरुवारी दुपारी बाराला सगळ्यांनी एकदमच बाहेर काढायची. तोवर कृपया गुप्त ठेवा."

आमची नवी आवृत्ती मंगळवारी निघणार होती. डेन्मार्कमधल्या आमच्या ओडेन्सच्या कचेरीत काय कधी बाहेर पडायचं, ते ठरवणं माझ्याकडे असतं. मी ईमेल घेऊन संचालकाकडे, गोर्मकडे गेले.

"दोन दिवस थांबूया."

"बुधवारी प्रदर्शन आहे, डोर्टे. दुरुस्ती हातात आहे ना? घाल आणि सोड उद्याच. आपण सगळ्यांच्या पुढे!"

"अरे, आपली दुरुस्ती कुणी उलगडून पाहिली की भोक कुठंय ते कळणार. बाकीचे दोन दिवस उघडे पडतील."

"बाकीच्यांचं बाकीचे बघतील."

"तिकडेही पेशंटच आहेत, गोर्म!"

"झालं तुझं प्रवचन?"

आवृत्ती सोडायला मी सही केली नाही. मंगळवारी दहाला त्यानं ती माझ्या हाताखालच्या आस्गरकडून करून घेतली आणि दुरुस्तीसकट आवृत्ती सोडली. वर जाहिरातीत लिहिलं: 'गंभीर धोका दूर, सर्वांत आधी आमच्याकडे.' दुसऱ्याच्या घराची किल्ली चौकात टांगायची आणि वर मिरवायचं!

एक वाजता वीबेचा फोन आला. मागे पोरांचा गलका.

"काय केलंत तुम्ही लोकांनी? भोक कुठंय ते एकानं शोधून जगजाहीरही केलं!"

वर्ग सोडून त्यानं तिथल्या तिथे दुरुस्ती सगळ्यांसाठी खुली केली. कुणाचीच तयारी पुरी नव्हती. नॉर्वेतल्या एका दवाखान्यानं दिवसभर एक्स-रेचे संगणक बंद ठेवले. तपासणीला आलेली माणसं परत गेली.

संध्याकाळी मी सगळ्या कंपन्यांना माझ्या नावानं लिहिलं: कुणी, कधी, का.

"कंपनीचं नाक कापलंस!" गोर्म ओरडला.

"नाक तू कापलंस. मी फक्त घडलं ते लिहिलं."

वीबेनं आम्हाला आगाऊ कळवायच्या यादीतून काढलं. बरोबरच केलं. मार्चमध्ये त्याच्या प्रोग्राममध्ये पुन्हा एक भोक निघालं, ते आम्हाला जगाबरोबरच कळलं. आस्गर आणि मी नऊ दिवस धावत होतो. गोर्म मध्येच डोकावला.

"आपल्याला आधी का नाही कळवलं त्यानं?"

मी परत संगणकाकडे वळले.

"तुझी ओळख आहे ना त्याच्याशी?" तो म्हणाला. "पुढच्या वेळी हळूच विचार की."

मी उठले आणि त्याच्या तोंडावर दार लावलं.