न मागितलेला खांदा

सात घुंगरं होती. कावडीच्या मागच्या टोकाला लाल दोऱ्यात ओवलेली, पितळेची. त्यातलं तिसरं मुकं होतं. वाटेतलं शेवगाव सोडल्यापासून बन्सी दुसरीकडं कुठं पाहतच नव्हता, म्हणून त्याला ते ठाऊक. कावड गहिनीनाथच्या खांद्यावर होती आणि घुंगरं एका मापात वाजत होती, दळणाला बसलेल्या बाईच्या हातासारखी, ना घाई ना आळस... आणि मागून पळणाऱ्या बन्सीला ते माप सहन होत नव्हतं.

'गहिनीभावजींच्या खांद्यावर कावड असली की वेशीतूनच कळतं बघा,' त्याची बायको रतनबाई एकदा म्हणाली होती. भाकरी थापता थापता, सहज. नवऱ्याच्या चुलतभावाचं कौतुक, त्यात वाईट काय? पण आपल्या खांद्यावर ती कशी वाजते हे बन्सीनं तिला कधी विचारलं नाही. भांडी घासायला टाकल्यासारखी वाजत असणार, दुसरं काय.

गहिनीनाथ सहा महिन्यांनी लहान. एकाच आळीत वाढलेले. यंदाच्या दुष्काळात दोघं एकाच कामावर खडी फोडत होते, तर तिथंही गहिनीनाथचा ढीग दाखवून मुकादम बाकीच्यांना बोलायचा. रेशनवरच्या मिलो ज्वारीची भाकरी दोघांच्या पोटात सारखीच – मग ती त्याच्याच पायांत कशी उतरते? आपल्या छातीत नुसती दाटून बसते. आत्ताही बसली होती. पैठणच्या घाटावरून तांबडं फुटायच्या आत निघालेले अकरा जण आता पार विस्कटले होते, पुढं निशाण घेतलेले रंगनाथतात्या, मागं धुळीत कुणी कुणी, आणि ऊन डोक्यावर येऊन बसलेलं.

गोदावरीचं पाणी पाडव्याला गावच्या भैरोबाच्या डोक्यावर पडलं पाहिजे. अनवाणी, पळत, कावड भुईला न टेकवता. आणि ज्याच्या खांद्यावर कावड आहे त्यानं आपल्या तोंडानं 'घे' म्हणायचं नाही. मागच्यानं 'दे खांदा' म्हणायचं, तेव्हाच द्यायची. एवढीच रीत. लहान पोरांनाही पाठ असलेली.

गेल्या साली, ओढ्याच्या वाळूत, बन्सी 'घे' म्हणाला होता.

घेतली कुणी? गहिनीनाथनंच. आणि वर्षभर गावात कुणी त्यावर अवाक्षर काढलं नाही. हसले असते, टोमणे मारले असते तर चार शिव्या देऊन मोकळा झालो असतो मी... पण नाही. सगळे कसे समजूतदार. आज सकाळी घाटावर तात्यांनी शेवटचे खांदे ठरवले – "वढ्यापतुर गहिनीनाथ. वढ्यापासून लिंबापतुर बन्सी. लिंबापासून देवळात परत गहिनीनाथ." मग जरा थांबून, "जमंल न्हवं, बन्सी?"

अकरा जणांत एकट्यालाच विचारलं.

ओढा आला. "दे खांदा," बन्सी म्हणाला, आणि पळता पळताच कावडीचा वेळू त्याच्या खांद्यावर आला, दुसऱ्याच्या घामानं ओला, गरम. घुंगरांचं माप लगेच बिघडलं. वाळू पाय घोट्यापर्यंत आत घेत होती, दोन्ही घागरी उलटसुलट हिंदकळत होत्या, आणि आता मागं गहिनीनाथ होता, त्याच्या पाठीवर नजर ठेवून. मी पडायची वाट बघत असणार. का नाही बघणार? मघाशी त्याच्या मागं पळताना मी काय मागत होतो? याच्या टाचेत बाभळीचा काटा जाऊ दे. देवाचं पाणी पुढं आणि मागं मी देवाला हे मागतोय... लाज वाटली, पण मागणं काही मागं घ्यावंसं वाटलं नाही.

ओढा चढताना उजव्या पोटरीत गोळा आला. नाही जमायचं. लिंब दिसत होता, तिथवरच जायचंय, तिथं तो मागेल, मग कुणी म्हणायला नको की यानं टाकली. त्या एका झाडावर डोळे लावून तो पळाला, पाय मोजत, मग मोजणं सोडून, आणि लिंबाची सावली अंगावरून गेली तेव्हा त्यानं वेळू सैल धरला – आणि मागून काहीच आलं नाही.

पावलं येत होती. तो होता. पण तोंड उघडत नव्हता.

तात्या निशाण घेऊन तसेच पुढं. बन्सीच्या जिभेवर 'घे' आलं, दातांपर्यंत आलं, गेल्या सालासारखंच. याला मी मोडलेला बघायचाय ना? गावाच्या वेशीत, बायांच्या देखत, पुन्हा एकदा माझ्या तोंडून तेच काढायचंय? नाही काढणार. मेलो तरी नाही. हा राग कुठून आला कुणास ठाऊक, पण तो सरळ मांड्यांत उतरला. पोटरीतला गोळा होता तसाच होता, छाती फुटायला आली होती, आणि तरी बन्सी पळत होता, वेशीतून, बायांच्या घोळक्यापुढून, गुढ्यांखालून, घुंगरं कशी वाजतायत याचं भान नसलेला, देवळाच्या पायऱ्यांपर्यंत.

कुणीतरी घागरी उतरवून घेतल्या. पाणी देवावर पडल्याचा आवाज झाला. "बन्सीनं आनली," तात्या म्हणाले. "फुडल्या साली लिंबापासून बन्सीच."

रतनबाईनं तांब्या पुढं केला. तिचा चेहरा फुलला होता. "अवो, वेशीतनं ऐकलं तवा मला वाटलं, भावजीच आले."

बन्सीनं तांब्या तसाच परत दिला.

गहिनीनाथ देवळाच्या भिंतीला टेकून उभा होता. त्याला फारशी धापही लागलेली नव्हती. बन्सी त्याच्यापाशी गेला. "मागितली का न्हाईस?"

"इसरलो."

"असं कुनी इसरतंय व्हय?"

गहिनीनाथनं पायाची धूळ झटकली. "झालं की आता," म्हणाला, आणि नारळ फुटत होते तिकडं निघून गेला.

मी पडावं हेच त्याला हवं होतं. तसंच असलं पाहिजे. तसं असेल तर मी जिंकलो, आणि आजचा खांदा माझा. पण त्यानं तो दिला असेल तर... बन्सीनं तो विचार टाळला. गहिनीनाथ वाईट निघावा असं त्याला आयुष्यात प्रथमच इतकं मनापासून वाटत होतं.

पुढल्या साली लिंबापर्यंत तो असेल आणि मागं मी. त्याचा पाय एखाद्या वर्षी तरी अडखळेलच. तेव्हा लिंब मागं पडला तरी मी गप्प राहीन? भिंतीच्या सावलीत उभं राहून बन्सीनं ते डोळ्यांपुढं आणून पाहिलं – ओढा, चढ, त्याची पाठ, अडखळणारा पाय, ती सात घुंगरं... आणि लिंब अजून बराच लांब होता, तेव्हाच त्याचे ओठ हलले.

दे खांदा.