दोघांनी जायचं घर

दारू सोडलेल्यांच्या गटात नियम फारसे नव्हते, पण एक मात्र दगडावरची रेघ होता. जो बैठक चुकवेल त्याच्या घरी दोघांनी जायचं, एकट्याने कधीच नाही. चावीवाल्याला याचं कारण ठाऊक होतं, निदान तसं त्याला वाटत होतं. एकाचा पाय घसरायला लागला तर दुसऱ्याने त्याला कॉलर धरून बाहेर काढायचं. आपला पाय आता काही घसरत नाही, असंही त्याला वाटत होतं. दारू सुटली की माणसाला ही दुसरी नशा चढते, आणि तिच्यासाठी अजून कुठे गट निघालेला नाही.

त्या दुपारी थर्मासकाका बैठकीला आले नाहीत. हे आक्रीतच होतं. भलामोठा निळा थर्मास काखोटीला मारून सगळ्यांच्या आधी यायचं, प्रत्येकाला चहा पाजायचा आणि पाजता पाजता त्याची सालटी काढायची, हा त्यांचा शिरस्ता. काका आणि शाळेच्या बसचा ड्रायव्हर, हे दोघंच एकदा चावीवाल्याच्या दारात उभे राहिले होते, म्हणून तो आज माणसांत होता. म्हणूनच माहेरी गेलेली बायको लेकीला घेऊन परत आली होती. तिने एकच अट घातली होती.

"ज्या दिवशी वास येईल त्या दिवशी मी विचारणार नाही, तुम्ही सांगू नका. आम्ही जाऊ."

चावीवाल्याने काकांच्या जिन्यातूनच ड्रायव्हरला फोन लावला.

"मुलं सोडतोय रे," मागच्या कलकलाटातून ड्रायव्हर ओरडला. "शेवटचं पोर उतरलं की आलोच. तोवर पायरीवर बस. आत जाऊ नकोस."

तो बसला. आतून खोकला ऐकू आला. मग काहीतरी धाडकन पडलं आणि त्यानंतर काहीच ऐकू येईना. त्याने दार वाजवलं, हाका मारल्या. दाराचं लॅच त्यानेच बसवलेलं होतं. सोबतच्या हत्यारांच्या पेटीतली वाकडी तार काढली आणि दार उघडलं. आपल्या हातांचं त्याला नेहमीच कौतुक वाटे. आजही क्षणभर वाटलं.

आत पडदे ओढलेले होते. एक खुर्ची आडवी पडली होती. दुसरीवर काका बसले होते. अंघोळ केलेली, केस विंचरलेले, अंगात इस्त्रीचा शर्ट. समोर थर्मास आणि दोन कप.

"ये," काका म्हणाले. "तू एकटाच येशील, माहीत होतं मला."

"काका, चला. सगळे वाट बघतायत."

काकांनी थर्मास कपात ओतला. वाफ आली नाही, वास आला. चावीवाल्याच्या तोंडाला पाणी सुटलं. आयुष्यात तो एवढा कधीच घाबरला नव्हता.

"घोटभर घे. माझ्या सोबतीला," काका इतक्या मायेने म्हणाले की बैठकीत त्यांनी असा आवाज कधी काढला नव्हता. "कुणाला कळणारे?"

त्याचा हात कपाकडे गेला. गेलाच. आणि मग त्याने तो थर्मासवर मारला. काकांनी थर्मास छातीशी धरला. ओढाताण झाली. म्हाताऱ्याच्या अंगात कुठून बळ आलं कोण जाणे. निम्मी दारू चावीवाल्याच्या शर्टावर सांडली. उरलेली त्याने मोरीत ओतली, कपसुद्धा उपडे केले आणि नळ सोडून ठेवला. एक थेंबही पोटात गेला नव्हता. काका भिंतीकडे तोंड करून आडवे झाले.

"आता जा घरी," ते म्हणाले. "सांग जाऊन, मी प्यायलो नाही म्हणून."

तो जिना कसा उतरला, त्याचं त्यालाच कळलं नाही. ड्रायव्हरसाठी थांबावं हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. वाटेतल्या नळावर त्याने शर्ट चोळला, मान धुतली, हात धुतले. कोपऱ्यावरच्या दारूच्या दुकानासमोर त्याची पावलं आपोआप मंदावली.

दार बायकोने उघडलं. तिचं नाक जरासं हललं, बस्स.

"अगं, काकांच्या घरी... माझ्या अंगावर सांडली."

बोलता बोलताच त्याला आपलंच वाक्य ओळखू आलं. इतकी वर्षं पिऊन आल्यावर तो हेच वाक्य म्हणत आला होता. मित्राने सांडली, गर्दीत कुणीतरी सांडली. शब्दसुद्धा तेच, आणि आज ते खरे होते. दोघांनी का जायचं, ते त्याला आत्ता कळलं. दुसरा माणूस नुसता बाहेर ओढायला नसतो, तो साक्षीला असतो.

बायकोने काही विचारलं नाही. अट तीच होती. लेक पाढे म्हणत बसली होती. तिचा हात धरून बायको आतल्या खोलीत गेली आणि लॅच लागलं. कपाटाचं दार कुरकुरलं, बॅग ओढल्याचा आवाज आला. ते लॅचही त्यानेच बसवलेलं होतं. तार खिशात होती. तो दाराला हात न लावता खाली बसला.

प्यायलो नाही तरी या दोघी जाणार, मग न पिऊन काय मिळवलं? हा विचार इतका शहाण्यासारखा आला की त्याला तो आपलाच वाटला. दुकान कोपऱ्यावरच होतं. तो उठून चपला घालायला लागला. एक घातलीही. मग त्याच पायावर उभ्या उभ्या त्याने फोन लावला.

"अरे, मी काकांच्या दारात आहे," ड्रायव्हर म्हणाला. "तू कुठे गेलास?"

"घरी. आता माझ्याकडे ये," चावीवाला म्हणाला. "आणि हे बघ, एकटा येऊ नकोस."